ला पोसाहून पत्र

क्वार्ट्झसाइट, अॅरिझोना
16 जानेवारी 2024

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर म्हणालात, "हिवाळ्यात घर मागं बांधून हिंडणं हे काय म्हाताऱ्यांचं काम आहे?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहितेय.

आम्ही मुक्काम ठोकलाय ती ला पोसा ही सरकारी जमीन आहे. नुसती खडी, काटेरी झुडपं आणि कोरडे ओढे. 180 डॉलरचा परवाना घेतला की 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल आवडेल तिथं कॅम्पर, म्हणजे गाडीमागं ओढायचं घर, लावायचा; पाणी भरायची नि सांडपाणी सोडायची सोय त्यातच. आमच्या आजूबाजूला बहुतेक सगळे सत्तरी ओलांडलेले. शेजारच्या आजी कॅनडातल्याच सास्काचेवानहून आल्यात, रोज सकाळी शिडीवर चढून सोलर पॅनेलची धूळ पुसतात. आजोबा खाली शिडी धरून उभे, आणि सूचना देतात (बाबा, ओळखीचं वाटलं का?).

खरी काळजी ब्रेकची आहे, हे मला ठाऊक आहे. उगाच का एसटीच्या वर्कशॉपात हयात गेली! तर ऐका. ट्रेलरच्या, म्हणजे मागच्या कॅम्परच्या, चाकांना स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांचा कंट्रोलर माझ्या गुडघ्याशी. मागचं धूड डोलायला लागलं तर गाडीचा ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि हातानं फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा, म्हणजे तो मागून ताण धरतो आणि सरळ होतो. येताना मोंटानात ग्रेट फॉल्सजवळ आडवा वारा सुटला तेव्हा असंच केलं. शिवाय कपलिंग सुटलंच तर एक केबल पिन उपसते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मोनिडा खिंड 6,800 फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंच. तिथं जावई हवामान वाचून दाखवत होते आणि माझ्या डोक्यात तुमचं पालुपद: ज्या गिअरला घाट चढलीस त्याच गिअरला उतर. रस्ता कोरडा होता, नाहीतर अलीकडच्याच गावात मुक्काम ठोकला असता.

आई, युटामधलं सेंट जॉर्ज येईपर्यंत कॅम्परचे नळ बंदच होते. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं असतं. तोवर प्यायला कॅन आणि रात्री मोटेल. सेंट जॉर्जला पाइप धुतले, टाकी भरली आणि संसार सुरू झाला. त्याआधी कॅनडा-अमेरिका सरहद्दीवर स्वीटग्रासला अधिकाऱ्यानं मेतकुटाची बरणी उघडून हुंगली आणि काही न बोलता परत दिली. संत्री नेऊ देत नाहीत, ती आम्ही अलीकडेच संपवली होती.

काल संक्रांतीला गुळाच्या पोळ्या केल्या. ओटा दोन वीत, त्यामुळे जावई बाहेर टेबलावर लाटत होते आणि मी आत भाजत होते. आजींना दोन दिल्या, तर त्या डबा रिकामा न देता लिंबं घालून देऊन गेल्या! चिनूला इथल्या हाय जॉलीच्या थडग्याचं वेड लागलंय. हाजी अली नावाचा हा उंटवाला 1856 मध्ये अमेरिकी लष्करानं आणलेल्या उंटांबरोबर इकडे आला आणि 1902 मध्ये इथंच वारला. थडग्यावर दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट.

तिकडे घरी कॅल्गरीत तापमान उणे 30 च्याही खाली गेलं होतं. शनिवारी तर वीज जपून वापरा म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा आला. बाबा म्हणतील, भारनियमन! इथं दुपारी स्वेटर नको होतो. रात्री मात्र गारठा पडतो आणि हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरी खातो, म्हणून झोपताना तो अगदी कमीवर ठेवतो.

तर पुढल्या जानेवारीत तुम्ही दोघं सरळ फिनिक्सला उतरा. तिथून इथं दोन-सव्वादोन तासांचा सपाट रस्ता आहे, मी न्यायला येईन. आईच्या गुडघ्यासाठी दाराच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेतेय, पलंगही खालच्या उंचीचा आहे. संडास आतच आहे, आई, रात्री बाहेर जावं लागत नाही. तुमचा कॅनडाचा व्हिसा इथं चालत नाही आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला तारीख महिनोन्महिने मिळत नाही, तेव्हा अर्ज आत्ताच भरायचा. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो या आठवड्यात पाठवा. बाबा, "बघू" म्हणू नका.

तुमची,
ताई