गाडी थांबवल्याची नोंद कुठे असते? मा. गृहमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

साहेब, मी रोज दुचाकीवर कामाला जाणारा साधा माणूस. १५ वर्षं झाली लायसनला. पोलिसांवर राग काढायला हे पत्र लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. मागच्या महिन्यात एका दुपारी मला ट्रॅफिक पोलिसांनी थांबवलं, २० मिनिटं उभं केलं, आणि शेवटी जा म्हणाले. कुणी मारलं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत, त्या दिवसाचा कसला दंडही झाला नाही. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर काहीच झालेलं नाही आणि माझं सगळं म्हणणं त्याच "काहीच झालेलं नाही" बद्दल आहे.

झालं असं की आईला डोळ्याच्या डॉक्टरकडून घरी आणत होतो. डोळ्यात ते बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं, त्यामुळे तिला उजेड अजिबात सहन होत नव्हता, काळा चष्मा लावून माझ्या पाठीला डोकं टेकवून बसली होती. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. सिग्नल हिरवा होता, स्पीड असेल २५-३०, आणि अचानक डावीकडच्या खांबामागून एक हवालदार आडवे आले आणि मी ब्रेक दाबून थांबतोय न थांबतोय तोच त्यांचा हात गाडीच्या चावीवर. गाडी बंद, चावी त्यांच्या खिशात. गाडी एका बाजूला कलली, मी पाय टेकवून कशीबशी सावरली, आईने दोन्ही हातांनी माझा शर्ट धरून ठेवलेला, तिला तर काय चाललंय ते दिसतही नव्हतं, ती नुसती विचारत होती काय झालं रे, पडलो का आपण.

मी विचारलं, साहेब, काय चुकलं?

"लायसन दाखव."

दाखवतो साहेब, पण थांबवलं कशासाठी?

"आधी लायसन दाखव, मग बोल."

मोबाईल काढला, डिजिलॉकर उघडलं, तर म्हणे हे नाही चालत, ओरिजिनल कार्ड दाखव. कार्ड नशिबाने पाकिटात होतं ते दिलं. मग आरसी, मग इन्शुरन्स, मग पीयूसी. सगळं होतं. एकेक कागद दाखवत गेलो तसं माझ्या लक्षात यायला लागलं की आता काहीतरी सापडेपर्यंत हे शोधणार. शेवटी मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि आठ महिन्यांपूर्वीचं एक चलान निघालं, स्टॉप लाईनच्या पुढे गाडी उभी केल्याचं, ५०० रुपये. "हे आत्ता भर." मी म्हटलं भरतो, पण आईला आधी सावलीत बसवू द्या. ते आईला म्हणाले, "मावशी, तुम्ही तिकडे बाजूला जाऊन थांबा." ती बिचारी डोळ्यावर पदर धरून फुटपाथच्या कडेला उभी, कुठे पाय ठेवायचा ते कळत नाही.

ते चलान माझंच होतं. चूक माझी होती आणि आठ महिने मी भरलं नव्हतं हेही माझंच चुकलं. तिथेच फोनवरून भरलं. पण गाडी थांबवली तेव्हा त्या चलानाची कुणालाच माहिती नव्हती, ते कारण नंतर सापडलं. मग आधीचं कारण काय होतं? ते मला आजपर्यंत माहीत नाही साहेब. आईच्या हेल्मेटची पट्टी चष्म्यामुळे सैल केली होती, कदाचित ती दिसली असेल. कायद्यात हेल्मेट म्हणजे नीट आवळून बांधलेलंच हेल्मेट, तसं असेल तर त्यांचं बरोबरच होतं आणि मी आनंदाने दंड भरला असता. पण एका शब्दानेही सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी रात्री जागून कायदा वाचला. वकील नाही मी, पण मोटार वाहन कायदा १९८८ सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहे. कलम १३० म्हणतं की युनिफॉर्ममधल्या पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन दाखवायचं. कारण सांगितलंच पाहिजे असं त्यात काहीही नाही. म्हणजे लायसन मागण्यापुरतं बोलायचं तर त्या हवालदारांनी कायदा मोडला नाही, हे मी मान्य करतो आणि जे लोक अशा वेळी "तुम्हाला अधिकारच नाही" म्हणून रस्त्यात हुज्जत घालतात त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

पण त्याच कायद्यात कलम २०३ आहे, दारूच्या तपासणीचं. तिथे मात्र श्वास तपासायला संशयाला वाजवी कारण पाहिजे असं लिहिलंय. म्हणजे कारण पाहिजे ही गोष्ट कायद्याला परकी नाही. आणि कलम २०६ बघा, लायसन जप्त केलं तर पोलिसाने त्याची पोच द्यायची, आणि लायसन परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत त्या पोचेवर माणूस गाडी चालवू शकतो. कागद घेतला तर त्या बदल्यात कागद देतात. मग माझी २० मिनिटं घेतली, आईला उन्हात उभं केलं, त्याची पोच कुठे आहे?

डिजिलॉकरचं तर सांगायलाच नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधले कागद मूळ कागदांसारखेच धरायचे. पुढे ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आलं की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खातरजमा झाली असेल तर तपासणीला छापील कागद मागायचा नाही. एवढी वर्षं झाली तरी रस्त्यावर "हे नाही चालत" ऐकावं लागतं. आणि चावीचं म्हणाल तर कलम २०७ मध्ये गाडी अडकवून ठेवायची कारणं दिलीत, नोंदणी नसणं, परमिट नसणं वगैरे. पण ज्याची अजून काही तपासणीच झालेली नाही, ज्याच्या मागे म्हातारं माणूस बसलंय, त्याच्या गाडीची चावी न बोलता ओढून घ्यायची असं मला कुठे सापडलं नाही. चावी का ओढतात तेही मला कळतं. लोक पळून जातात, पोलिसांच्या अंगावर गाडी घालतात, बॉनेटवरून फरफटत नेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. पण मी ब्रेक मारून थांबत होतो, आणि त्या क्षणी पडायची खरी भीती आम्हालाच होती.

आता दुसरा प्रसंग सांगतो, म्हणजे माझं म्हणणं एकतर्फी वाटणार नाही. त्याच्या वर्षभर आधी एका संध्याकाळी मला एका बाई पोलिसांनी थांबवलं होतं. हात दाखवला, मी साईडला घेतली, त्या चालत आल्या आणि पहिलंच वाक्य, "दादा, तुमचा मागचा लाईट बंद आहे, मागच्या गाडीला तुम्ही दिसत नाही." मी उतरून पाहिलं, खरंच बंद होता. लायसन मागितलं, फोनमध्ये दाखवलं, बघितलं, पावती झाली आणि आजच्या आज बल्ब टाका म्हणाल्या. चार-पाच मिनिटं. त्यात दंड भरला मी, आणि तरी घरी येऊन चांगलं बोललो त्यांच्याबद्दल. मागच्या महिन्यात त्या दिवसाचा एक रुपया दंड नाही आणि तरी आठवडाभर झोप नीट लागली नाही. दंडाचा आणि अन्यायाचा संबंध आपण समजतो तसा नसतो साहेब, माणसाला आपण का थांबलोय एवढं कळलं की तो बरंच काही सोसतो.

हे नुसतं माझं वाटणं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पोलिसांनी २००९-१० च्या सुमारास यावर प्रयोग केला होता. दारू तपासणीच्या ६० नाकाबंद्या घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निम्म्या-निम्म्या वाटल्या. ३० ठिकाणी नेहमीसारखी तपासणी. बाकीच्या ३० ठिकाणी पोलिसांना काय बोलायचं ते लिहून दिलं, की तुम्हाला मुद्दाम निवडलेलं नाही, इथे थांबवणं सरसकट चालू आहे, ते कशासाठी चालू आहे, तुमचं काही म्हणणं आहे का, आणि शेवटी धन्यवाद. मिनिट-दीड मिनिटाचं बोलणं. नंतर चालकांना विचारलं तर ज्यांच्याशी असं बोललं गेलं त्यांना पोलीस जास्त न्याय्य वाटले. तपासणी तीच होती, फक्त तोंडातले शब्द बदलले. आपल्याकडे याला कसलं बजेट लागणार आहे?

तपासणी बंद करा असं मी चुकूनही म्हणणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ५० हजारांच्या वर असे दुचाकीवरचे की ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. माझ्या ओळखीतलं एक पोरगं त्यातच गेलं, त्याच्या बापाला कुणीतरी आधी कधीतरी पोराला थांबवून पावती फाडली असती तर बरं झालं असतं असं वाटतं, ते बोलून दाखवतात. म्हणून पोलिसांनी गाड्या थांबवाव्यात, भरपूर थांबवाव्यात. धुरात आणि उन्हात आठ-दहा तास उभं राहून वर लोकांच्या शिव्या खाणाऱ्या माणसाचा आवाज चढतो हेही समजू शकतो.

पण साहेब, माझं खरं गाऱ्हाणं त्या हवालदारांच्या आवाजाबद्दल नाहीच. मी तक्रार करायला गेलो तेव्हा मला ते कळलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, खुर्ची दिली, आणि विचारलं, चलान नंबर काय? मी म्हटलं त्या दिवसाचं चलान नाही, जुनं भरलं फक्त. मग म्हणाले, सिस्टीममध्ये तर काहीच दिसत नाही, तुम्हाला थांबवलं होतं याचा पुरावा काय? आणि ते खोटं बोलत नव्हते. चलान झालं तर मशीनमध्ये वेळ येते, जागा येते, फोटो येतो, मोबाईलवर मेसेज येतो, चलान पटलं नाही तर ऑनलाईन तक्रार करायची सोय आहे. म्हणजे ज्याने गुन्हा केला त्याच्याकडे सगळे कागद असतात. आणि ज्याला थांबवून, तपासून, काहीच सापडलं नाही म्हणून सोडून दिलं त्याच्याकडे काहीच नसतं. निर्दोष सुटलेल्या माणसाचीच नोंद नाही, हे उलटं झालं ना?

प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली, आपल्याकडेही राज्याचं प्राधिकरण आहे. ते गंभीर गोष्टींसाठी आहे आणि तसंच असावं, २० मिनिटांसाठी तिथे जाणं मलाच बरं वाटत नाही. पण उद्या छोट्या तक्रारीसाठी छोटी जागा काढली तरी तिथे बघायचं काय, नोंदच नसेल तर?

म्हणून माझी मागणी एकच आहे, तीही तुमच्या खात्याच्या एका आदेशाने होण्यासारखी. पोलिसांच्या हातात जे ई-चलानचं मशीन ऑलरेडी आहे त्यात गाडीचा नंबर टाकला की "थांबवण्याचं कारण" हा रकाना आधी भरावा लागेल असं करा. सिग्नल, हेल्मेट, लाईट, नाकाबंदी, नेहमीची तपासणी, जे असेल ते. "नेहमीची तपासणी" हे कारणही मला चालेल, ते खरं असलं की झालं. आणि काही न सापडता सोडलं तरी गाडीमालकाच्या मोबाईलवर एक मेसेज जाऊ द्या, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक कारणासाठी गाडी तपासली, त्रुटी आढळली नाही. कारण आधी टाकायचं म्हटलं की ते तोंडाने सांगायलाही सोपं जातं. यात पोलिसांचाही फायदा आहे, उद्या कुणी खोटा आरोप केला तर त्यांच्याकडेही लिहिलेलं काहीतरी असेल. आणि वर्षाअखेरीस तुम्हालाही कळेल की कुठल्या चौकात किती गाड्या थांबवल्या आणि त्यातल्या किती विनाकारण, आज ते तुम्ही मागितलं तरी कुणी देऊ शकणार नाही.

एक शंका मला लोकांनी बोलून दाखवली, की पोलीस प्रत्येक वेळी एकच कारण दाबतील. दाबतील काही जण. पण महिनाभर एकाच मशीनवरून प्रत्येक गाडीला एकच कारण आलं तर तेही वरच्या साहेबांना दिसेलच की, आज तर तेवढंही दिसत नाही.

आई आता बरी आहे. पण गाडीवर मागे बसली की पुढे पोलीस दिसल्यावर तिची पकड घट्ट होते, मला शर्टावर कळते. आमच्या घरात पोलिसांबद्दल आदर होता साहेब, ज्या माणसाला तुम्ही संरक्षणाला ठेवलंय तो दिसल्यावर एका म्हाताऱ्या बाईला धीर यायला पाहिजे.

त्या दिवसाची तारीख, वेळ, चौक आणि माझ्या गाडीचा नंबर मी वेगळ्या अर्जाने तुमच्या कार्यालयात देतोय, इथे जाहीर लिहीत नाही, कारण मला त्या हवालदारांवर कारवाई नको आहे. त्यांनी मला का थांबवलं एवढं त्यांना विचारून मला कळवा.

आपला विश्वासू,
एक दुचाकीचालक