देवळालीच्या कपाटातील रिकामा कप्पा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. प्रकृती बरी आहे. गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते नातीच्या एका प्रश्नामुळे, आणि तो तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या, युद्धकाळातल्या देवळाली कॅम्पातील गोऱ्या सैनिकांच्या नाटकमंडळीवरच्या बीबीसीच्या विनोदी मालिकेचा माझा संग्रह पुसायला काढला होता. तिचे लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची आत्मचरित्रे, तिच्यातले नट विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल यांची १९७५ साली इथे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेली गाण्याची तबकडी, कात्रणे, छायाचित्रे असे सगळे टेबलावर मांडले होते. नातीने त्यांतले एक छायाचित्र उचलून विचारले, “आजोबा, यांतला देवळालीचा कोण?” मी म्हटले, कोणीच नाही. ती खेळायला निघून गेली; मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थता नाही.

तू म्हणशील, हेच मी तुला नाशिकरोडच्या फलाटावर सांगत होतो. गोऱ्याच्या तोंडाला रंग फासून आपल्याला हसणाऱ्यांचे कागद जमवतोस, असे तू सर्वांदेखत ओरडला होतास, आणि तुझा आवाज मालिकेतल्या सार्जंट मेजर विल्यम्सपेक्षा तसूभरही कमी नव्हता! रंगीराम या हिंदी नोकराच्या भूमिकेत गोरा नट मायकेल बेट्स होता, त्याबद्दल तुझे म्हणणे मला तेव्हाही मान्य होते. तो झाशीत जन्मलेला होता, म्हणून त्याच्या चेहऱ्यावरचा तो रंग क्षम्य ठरत नाही, आणि आज बीबीसी ही मालिका सहसा दाखवत नाही यात मला अन्याय वाटत नाही. पण न दाखवणे वेगळे आणि जपून न ठेवणे वेगळे, हे माझे मत आजही कायम आहे. १९७४ ते १९८१ या काळातल्या छप्पन्न भागांमध्ये आपल्या गावाचे नाव इंग्लंडच्या घराघरांत पोहोचले, आणि ते पोहोचवणारे पेरी तोफखान्याच्या नाटकमंडळीत खरोखरच देवळालीला होते. क्रॉफ्टही पुण्यात सैनिकांच्या करमणुकीचे काम पाहत होते. त्यांच्या आठवणींतला कॅम्प खरा आहे. मात्र मालिकेचे बाह्यचित्रण सारे इंग्लंडातले, त्यामुळे पडद्यावर आपली धूळ नाही, आपली टेम्पल हिल नाही आणि आपले एकही माणूस नाही.

नेमक्या याच ठिकाणी मला तुझे आजोबा आठवले. ते कॅम्पात शिंपीकाम करीत, आणि गोऱ्यांच्या नाटकात बायकांच्या भूमिका करणाऱ्या सोजिरांसाठी त्यांनी झगे शिवले होते, ही गोष्ट आत्याबाई आपल्याला ओट्यावर सांगत आणि आपण पोट धरून हसत असू. मालिकेत मेल्विन हेजचा ग्लोरिया तसलेच झगे घालून नाचतो. ते झगे पेरींच्याच मंडळीसाठी होते असे मी म्हणणार नाही, तसा काही आधार नाही. पण मोजमापे घेणारा, रात्री जागून मशीन चालवणारा आणि पैशासाठी साहेबाच्या व्हरांड्यात ताटकळणारा माणूस या साऱ्या पुस्तकांत मला कुठेच भेटत नाही. तो ज्याच्या घरातला आहे त्यानेच लिहायला हवे. इथल्या जुन्या बाजारातून विकत आणता येईल असे ते नाही, आणि त्याच्यावाचून माझा हा संग्रह अर्धाच आहे, असे मी अगदी मनापासून मानतो.

म्हणून मागणे असे की आत्याबाईंजवळ वही घेऊन बस. झग्यांचे कापड कुठून येई, माप कोण देई, पैसे वेळेवर मिळत का, आजोबांना कधी प्रयोग पाहू दिला का, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. त्यांनी शिव्या दिल्या तर त्याही घे, गाळू नकोस. मशीन अजून असेल तर त्याचा फोटो काढ, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत हिशेबाचे कागद असतील तर ते मला पाठवू नकोस. ते तुझ्याच घरी राहोत, मला नक्कल पुरे. इतकी वर्षे तू माझ्या कपाटावर रागावलास, आता त्यातला एक कप्पा तुझ्या हातचा असू दे.

निशाला बँकेत नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट पार पडले ना? घराच्या वाटणीबद्दल तू लिहिले होतेस, त्यावर सवडीने लिहीन. तोवर कशावरही सही करू नकोस.

आत्याबाई दुपारी झोपतात, तेव्हा सकाळीच जा.

तुझा,
वसंत
लेस्टर