मौनानंतर काय?

महोदय,
पाकिस्तानातील पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर १६ डिसेंबर २०१४ रोजी हल्ला झाला. शंभरावर विद्यार्थी मारले गेले. दुसऱ्या दिवशी आपल्या पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभरातील अनेक शाळांनी मौन पाळले. सीमेपलीकडची मुले म्हणून आपण दुःख आवरले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण वाचलेली मुले महिन्याभरात त्याच शाळेत परतली, त्यांचे काय? अमेरिकेतील न्यूटाउनला २०१२ मध्ये शाळेतील गोळीबारात २० चिमुकली गेली. तिथले स्मारक खुले व्हायला १० वर्षे लागली. दुःख इतके लांबते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी, कन्नड, उर्दू शाळांनी दर १६ डिसेंबरला प्रार्थनेच्या वेळी या मुलांची आठवण काढावी. आपल्याकडे अपघातात वर्गमित्र गमावलेल्या मुलांची विचारपूसही तेराव्यानंतर थांबू नये. शिक्षण खात्याने निदान तालुक्याला एक समुपदेशक नेमावा.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर