अण्णा, तुम्ही आमचं दप्तर लावून दिलंत

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र टपालाने तुमच्या घरी पाठवलं असतं, तर तुम्ही ते वाचून "बरं, बरं" म्हणत घडी घालून ठेवून दिलं असतं आणि तुम्ही आमच्यासाठी काय केलं ते चार लोकांना कळलंच नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. मराठवाड्यात आमच्या गोंधळी मंडळासारखी मंडळं पुष्कळ आहेत. कुणी गोंधळी, कुणी आराधी, कुणी नाथांची भारुडं म्हणणारे, कुणी गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, उपसून साफ ठेवणारी पोरं. कोरोनाने यातल्या कितीजणांचा कणा मोडला ते मी जवळून पाहिलंय. मदत मागायची वेळ आली तर नेमकं काय मागावं, हे त्यांनाही तुमच्या कामातून कळेल.

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. गोंधळ्याच्या घरी वर्षाची मिळकत पाडव्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत ठरते. चैत्र-वैशाखात जत्रा असतात, लग्नं असतात, आणि लग्न झालं की कुळाचाराचा गोंधळ असतोच. त्या वर्षी घेतलेल्या सुपाऱ्यांचे पैसे परत करावे लागले. देवळं दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली. आता बरं होईल असं वाटत होतं, तर एप्रिल 2021 मध्ये पुन्हा सगळं बंद. लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरका, असा नियम आला. आमचा गोंधळ रात्रीचा बसतो आणि तांबडं फुटेपर्यंत चालतो. पाटावर खण अंथरून धान्याची रास घालायची, कलश मांडायचा, पाच धाटांचा मांडव बांधायचा, दिवटी पेटवायची आणि मग तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत एकेका देवीला नाव घेऊन बोलवायचं. हे दोन तासांत कसं बसणार?

दुसऱ्या लाटेत आमचे दोन म्हातारे गेले. एक माझे सासरे, मंडळाचे अध्यक्ष. दुसरे खजिनदार. सासऱ्यांना रात्र-रात्र पुरतील अशी आख्यानं तोंडपाठ होती. त्यातली दोन आता कुणालाच पुरती येत नाहीत, मधल्या कडव्यांवर सगळे अडतात. ते दुःख मी इथे फार लिहीत नाही.

तुम्ही आलात तेव्हा घटस्थापनेला देवळं नुकतीच उघडली होती. आमच्या घरात संबळ खुंटीला टांगलेला होता. दीड वर्ष हात न लागल्याने दोऱ्या सैल पडलेल्या, मोठ्या भांड्याचं कातडं एका कडेने उंदरांनी कुरतडलेलं. त्याआधी बरेच जण येऊन गेले होते. त्यांनी तांदूळ, तेल, डाळ दिली. त्या अन्नाचे उपकार आहेत आणि आम्ही ते विसरणार नाही. तुमच्या हातात मात्र काही नव्हतं. ओसरीवर बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "मंडळाची पेटी काढा."

पत्र्याच्या पेटीत नोंदणीचं प्रमाणपत्र, दोन पावतीपुस्तकं आणि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका निघाल्या. सहकार खात्यात हिशेब तपासण्यात तुमची उभी हयात गेलेली. दुखणं तुम्हाला तिथेच कळलं. बँकेत सह्या अध्यक्ष आणि खजिनदारांच्या, ते दोघंही गेलेले. खात्यात पैसे होते, पण ते काढणार कोण? विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही सभा बोलवायला लावलीत, ठराव लिहायला शिकवलंत, मुदत टळल्याबद्दल विलंब माफीचा अर्ज कसा करायचा ते सांगितलंत. एक ओळही स्वतः लिहिली नाहीत. मी लिहायचे आणि तुम्ही चुकलेल्या जागी पेन्सिलीने बारीक टिंब करायचात. तेव्हा मला त्याचा त्रास व्हायचा. आज मंडळाची सचिव म्हणून सही करताना त्या टिंबांची किंमत कळते.

त्याच सुमारास एकल कलावंतांना प्रत्येकी 5,000 रुपये देण्याचा सरकारी निर्णय झाला होता. कलावंत असल्याचा पुरावा जोडायचा होता. आमच्या चुलत सासऱ्यांच्या बोटांना काड्या धरून धरून घट्टे पडलेत, पण कागद म्हणाल तर एक नाही. तुम्ही त्यांना विचारलंत, "कोणकोणत्या गावच्या जत्रेत वाजवलंत?" ते नावं सांगत गेले, तुम्ही लिहून घेत गेलात. मग त्या गावांत जाऊन ग्रामपंचायतीची आणि यात्रा कमिटीची पत्रं आणलीत. एका गावात तर जुन्या जमाखर्चाच्या वहीत "गोंधळी बिदागी" अशी नोंदच सापडली. तिची नक्कल हातात पडली तेव्हा म्हातारा माणूस ती उलटीसुलटी करून बघत राहिला. लिहिता-वाचता येत नाही त्यांना, पण त्यात आपण आहोत हे त्यांना कळलं होतं. पुढे ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरताना हेच कागद कामी आले.

मला विचाराल तर तुमचं खरं मोठं काम याच्याही पुढचं आहे. पुन्हा असं संकट आलं तर काय, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. तुम्ही विचारलात. प्रत्येक सुपारीतला दहावा हिस्सा मंडळाच्या वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला आजारपण किंवा बंदीशिवाय हात लावायचा नाही, हा नियम तुमच्यामुळे झाला. सुरुवातीला यावरून घरात भांडणं झाली, कारण पोटालाच पुरत नसताना बाजूला काय टाकणार? तुम्ही आवाज चढवला नाहीत. गेल्या दोन वर्षांच्या उसनवारीचा आकडा तेवढा प्रत्येकाकडून कागदावर मांडून घेतलात. असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम यादीत आमची नोंदणी झाली. पन्नाशीच्या आतल्यांचा वर्षाला 436 रुपयांचा जीवन ज्योती विमा आणि सत्तरीपर्यंतच्या सगळ्यांचा 20 रुपयांचा अपघात विमा उतरला. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, हे गावातल्या बँकेत जाऊन विचारावं असं आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

आणि गाणी! उरलेल्या म्हाताऱ्यांची आख्यानं मोबाइलवर घ्यायची, प्रत्येकासोबत म्हणणाऱ्याचं नाव, तो कुणाकडून शिकला ते, कोणत्या गावी कोणत्या देवीसमोर म्हणतात ते लिहायचं, आणि तीन वेगळ्या घरांत तीन प्रती ठेवायच्या. जे फक्त गोंधळात मांडलेल्या देवीच्या चौकासमोरच म्हणायचं असतं ते बाहेर द्यायचं नाही, हा निर्णय तुम्ही आमच्यावर सोडलात. कार्यक्रमवाले दहा मिनिटांचा गोंधळ मागायला आले, तेव्हाही तुम्ही मध्ये पडला नाहीत. आम्हीच ठरवलं की मंचावरचा वेगळा आणि कुळाचाराचा वेगळा, आणि कुळाचाराला कात्री लागणार नाही. हे स्वतः ठरवता येणं मला पैशाहून मोठं वाटतं. बाहेरचा माणूस मदतीला आला की बहुतेक वेळा निर्णयही तोच घेऊन जातो.

सासऱ्यांच्या त्या दोन आख्यानांपैकी एकाची मधली कडवी शेजारच्या तालुक्यातल्या एका आजोबांकडे मिळाली आहेत. क्रम थोडा वेगळा आहे, पण चाल तीच. संबळ नव्याने मढवून घेतला. माझी लेक त्यावर हात बसवते आहे. भावकीत यावर अजून एकमत नाही, तरी तिला उठवून लावत नाही कुणी.

एक काम राहिलंच. पलीकडच्या गावात बारव साफ ठेवणारं तरुणांचं मंडळ आहे. त्यांचीही नोंदणी अडकली आहे आणि हिशेब तीन जणांच्या खिशांत विखुरलाय. येत्या रविवारी ते त्यांची कागदपत्रं घेऊन आमच्या ओसरीवर येणार आहेत. गुडघ्याचं दुखणं कमी असेल तर तुम्ही या, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी करते. येणं झालं नाही तरी काळजी करू नका, त्यांच्याबरोबर मी बसते. पेन्सिल आणून ठेवलीय.

आपली,
सचिव, गोंधळी कलावंत मंडळ
जि. परभणी