झाडावर चढ, पण दोर बघून

चि. मनीस अनेक आशीर्वाद,

सिरसीहून तुझा मेसेज आला, की प्रोजेक्टसाठी दोर लावून झाडावर चढायचं शिकणार आहेस आणि बाबा तुम्हीच आजीला सांगा. सांगितलं. "पोरीची जात, झाडावर काय करालीय ती?" हे आलंच. मग मी त्या झाडांवर चढून अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णींचं काढलं, तर आडनाव ऐकून म्हातारी जरा नरमली, "कारवारकडची काय रे?" म्हणे.

वडील भारतातले, आई ब्रुकलिनची ज्यू, बाई वाढल्या अमेरिकेत, लहानपणी घरासमोरच्या मेपलवर चढून बसायच्या आणि पुढं तेच काम केलं. कणकुंबीला पावसात फांद्यांवर शेवाळ असतंय बघ, दाबलं की ओल्या गोधडीसारखं पाणी सोडतं, तसंच तिकडं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक जंगलात मेपलवर जाड थर असतो, त्यात पानं कुजतात, धूळ अडकते आणि वर फांदीवरच माती तयार होते. यांनी तो थर उचलून बघितला तर आत मुळं! बांडगुळाची वगैरे नाही, त्याच झाडाची, फांदीतनंच फुटलेली. म्हणजे झाड खालच्या जमिनीतनं खातंय ते खातंयच, वरच्या मातीतनं पण खातंय. 1981 ला 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा बाईंची पीएचडी पण झाली नव्हती. खाली उभं राहून मान वर करून हे कुणाला दिसणार होतं सांग. म्हणून तुला नको म्हणत नाही.

आणि शेवाळ उगाच खरवडू नकोस हां, एकदा काढलं की परत यायला 20 वर्षं पण पुरत नाहीत असं त्यांनीच बघितलंय.

आता आजीला न सांगितलेलं. 2015 ला दोरानं दगा दिला आणि बाई 50 फुटांवरनं पडल्या, मणके, बरगड्या, बरंच मोडलं. बऱ्या होऊन परत चढल्या, पण मला तो पहिला भाग आठवून झोप लागत नाही. गलोलीनं दोरी फांदीवर टाकतात ना, ती फांदी वाळकी आहे का आधी नीट बघायचं, एकटीनं चढायचं नाही, आणि मिरगानंतर ओल्या सालीवर तर अजिबात नाही, सर काही म्हणू देत.

हार्नेसचे पैसे उद्या टाकतो, नवाच घे, सीनियरचा वापरलेला नको. आणि आईला यातलं पडल्याबिडल्याचं काही बोलू नकोस, तिला फक्त मुळांचं सांग.

बाबा