क्षयरोग: फडावर डाळ-तांदूळ पोचवा

महोदय,

मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा झारखंडमधील अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. क्षयरुग्णाच्या घरातील माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे दिल्यावर त्या घरांत नवे रुग्ण तब्बल ३९ टक्क्यांनी कमी आढळले!

आमच्या धारूर-केजच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उसाच्या फडावर जातात. क्षयाच्या गोळ्यांची पाकिटे कोपीत (फडावरच्या झोपडीत) असतात, पण पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरी-ठेचाच. रुग्णाला सरकार महिना १००० रुपये देते, हे चांगलेच. कोपीतल्या लेकरांचे काय? टोळ्या निघण्याआधीच आरोग्य खात्याने अशा कुटुंबांची नोंद करून धान्य थेट फडावर पोचवावे.

– एक वाचक, धारूर (जि. बीड)