वाडग्याआधी लाटणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्टी जवळ आली की कार्यशाळांच्या जाहिराती सुरू होतात. अलीकडे त्यांत लेथवर, म्हणजे लाकडाचा तुकडा गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातण्याचीही भर पडली आहे, हे चांगलेच आहे. पण 'एका दिवसात वाडगा घरी न्या' असे सांगून माणसे गोळा केली, तर त्यातली बहुतेक पुन्हा फिरकत नाहीत. वाडगा निघतो तो शिकवणाऱ्याच्या हाताने. शिकणारा नुसता हत्याराला हात लावून उभा असतो. लाकूड कातणाऱ्यांचा क्लब टिकावा आणि त्यातल्या माणसांच्या कामात वर्षभरात फरक दिसावा असे वाटत असेल, तर सुरुवात लाटण्याने करावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

लाटण्याला पंधरा इंच लांब आणि पावणेदोन इंच चौरस असा सागवानाचा किंवा बाभळीचा वाळलेला तुकडा पुरतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात असे तुकडे मिळतात. दोन्ही तोंडांवर कर्ण आखून मध्य काढायचा. दातेरी सेंटर (तुकड्याला धरून फिरवणारे टोक) लेथच्या बाहेरच लाकडी हातोड्याने तुकड्यात बसवून घ्यायचे; हेडस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या बाजूत, असताना ठोकले तर मार बेअरिंगवर बसतो. टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) लाकडापासून पाव इंचावर आणून, लेथ सुरू करण्याआधी तुकडा हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहायचा. रफिंग गाउजने (रुंद पन्हळीच्या पटाशीने) चौकोनाचा गोल होईपर्यंत मिनिटाला हजार फेरे खूप झाले, नंतर 1,500 ते 1,800 पर्यंत जाता येते. खरी परीक्षा पुढे, स्क्यू चिझल (तिरप्या धारेची पटाशी) हातात आल्यावर. धारेचा खालचा अर्धा भागच लाकडाला लागला पाहिजे आणि बेव्हल (धारेमागचा उतार) मागे टेकलेला राहिला पाहिजे. वरचे लांब टोक लागले की हत्यार आत घुसते आणि क्षणात मळसूत्री खाच उमटत जाते. नवशिक्याचे पहिले चार-पाच तुकडे असेच जातात. ते जाऊ द्यावेत. पॉलिश पेपरने खाच बुजवण्याची सवय मात्र लावू नये, कारण जाड पेपरने गोलाई बिघडते आणि चूक का झाली हे कधीच समजत नाही.

लाटणे मधे 38 मिलिमीटर आणि टोकांना 34 ठेवले, तर दोन्हीकडचा उतार सारखा आहे का हे स्टीलची पट्टी टेकवून, उजेडाकडे धरून लगेच दिसते. एका बाजूचा उतार जास्त असेल तर पोळीची एक कड जाड राहते, म्हणजे परीक्षक घरातच असतो. 320 नंबरच्या पेपरनंतर चालत्या लेथवर स्वतःच्याच सोलपटांची मूठ धरून घासले की लाकडाला पुरेशी चकाकी येते. लाटण्याला पॉलिश लावूच नये. बोटांना कापड गुंडाळून घासणे तर कधीच नको. ते लाकडाभोवती अडकले की बोटांसकट ओढले जाते.

लाटण्यानंतर भोवरा. एक भोवरा समोर ठेवून त्याच्यासारखे सहा कातायचे, कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावून. आरीचे भोक टेलस्टॉकला, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाला, ड्रिल चक लावून लेथवरच पाडावे आणि ते आरीपेक्षा किंचित बारीक असावे. भोवरा कितीही गोल दिसला तरी आर अर्धा मिलिमीटर बाजूला गेली की तो थरथरतो. नक्कल करण्याने कल्पकता मारली जाते, असे म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. सहावा भोवरा पहिल्यासारखा काढता येणाऱ्यालाच सातव्याची कंबर मुद्दाम बारीक करून पाहता येते. ज्याच्या हाताला वळण नाही त्याला जो आकार मिळतो तो हत्याराच्या मर्जीचा असतो.

क्लबच्या प्रत्येक बैठकीचा पहिला अर्धा तास धार लावण्यासाठी राखून ठेवावा. निम्म्या तक्रारींचे मूळ बोथट हत्यारात असते. लांब तुकड्यांसाठीच्या स्पिंडल गाउजच्या धारेचा कोन 35 ते 40 अंश आणि वाडग्यासाठीच्या बोल गाउजचा 50 ते 55 अंश, एवढ्यावर सुरुवातीला सगळ्यांनी एकमत करावे. जिगमध्ये (हत्यार ठरल्या कोनात धरणाऱ्या साच्यात) हत्यार दर वेळी तेवढेच, म्हणजे 50 मिलिमीटर बाहेर काढून धरावे आणि त्यासाठी ग्राइंडरशेजारी फळीवर एक ठोकळा कायमचा ठोकून ठेवावा. हायस्पीड स्टीलचे हत्यार धार लावताना निळे पडले तरी बिघडत नाही, पण साध्या कार्बन स्टीलचे निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते आणि धार टिकत नाही. इथे एक सावधगिरीची सूचना. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कानशी स्वस्त मिळतात म्हणून त्यांपासून स्क्रेपर (खरवडायचे हत्यार) करण्याचा मोह होतो. कानस कडक पण ठिसूळ असते, टूल रेस्टवर जोर आला की काचेसारखी तुटते. क्लबच्या जागेत अशा हत्यारांना मनाई असावी.

वाडग्याकडे वळायला तीन-चार महिने गेले तरी हरकत नाही. तेव्हाही सर्वांत आधी सांगायचे ते हे की रफिंग गाउज वाडग्याला लावायचा नाही. त्याचा मुठीत जाणारा दांडा बारीक असतो आणि आडव्या रेषांच्या लाकडात तो मोडतो. वेगासाठी साधा हिशेब आहे: व्यास इंचांत आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6,000 ते 9,000 च्या दरम्यान राहावा. दहा इंचाचा वाडगा म्हणजे 600 ते 900 फेरे, आणि ओंडका अजून वेडावाकडा असताना त्याहूनही कमी. चकात, म्हणजे वाडगा जबड्यांत पकडणाऱ्या साधनात, धरायचा वाडग्याच्या बुडाचा खुंटा जबड्यांच्या खोलीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड हवा. लांब झाला तर त्याचे टोक तळाला टेकते, खांदा जबड्यांवर बसत नाही आणि वाडगा डुगडुगतो. मग माणूस चक आणखी आवळतो आणि खुंटाच तुटतो. बाहेरची बाजू बुडापासून काठाकडे, आतली काठापासून मध्याकडे कातावी, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तंतूंना मागून आधार मिळतो.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकाच आकाराची वस्तू करून आणावी. ती आधी डोळे मिटून हातात घ्यावी, मग खिडकीसमोर धरून तिची कड पाहावी. बाहेरच्या वळणात कुठे सपाट पट्टा राहिला आहे, कुठे कोपरा आला आहे, ते उजेडाच्या विरुद्ध चटकन दिसते. बारीक साखळी दोन बोटांत सैल लोंबकळत धरून वाडग्याच्या कडेशी जुळवून पाहावी. वळण नेमके कुठे अडखळले ते साखळी दाखवून देते. आणि दर वेळी एक तरी वाडगा करवतीने मधोमध कापावा. बाहेरून सुबक दिसणाऱ्या वाडग्याची भिंत काठाला 5 आणि बुडाशी 14 मिलिमीटर निघते, तेव्हा तो हातात जड का लागत होता याचे उत्तर सगळ्यांना एकदम मिळते. 'छान झालंय' एवढेच म्हणून वस्तू पुढे सरकवणाऱ्या बैठकांचा कुणालाच उपयोग नाही.

नमुन्यांसाठी परदेशी व्हिडिओंवरच अवलंबून राहायचे कारण नाही. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू आहेत. तिथे वही-पेन्सिल घेऊन जावे, एखाद्या भांड्याची नुसती कड काढावी आणि परत येऊन ती लाकडात उतरवावी. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या कारागिरांचे लाखकामही शिकण्यासारखे आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासली की चकाकते. ब्रश नाही, थिनर नाही. त्यासाठी ते काळ्या कुड्याचे पांढरे, बारीक पोताचे लाकूड वापरतात. लाकूड ओले असेल तर लाख धरत नाही, एवढे पथ्य.

ओल्या लाकडाचा प्रश्न पुण्यात दोन टोकांचा आहे. जुलै-ऑगस्टात हवा दमट, एप्रिलमध्ये अगदी कोरडी. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जेवढे आकसते ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते, त्यामुळे पावसाळ्यात गच्च बसणारे कुंकवाच्या करंड्याचे झाकण उन्हाळ्यात लंबगोल होऊन अडते किंवा सैल पडते. करंडा आधी ओबडधोबड कातून, आतून पोखरून काही आठवडे तसाच ठेवावा आणि मगच झाकण बसवावे. ओला वाडगा कातताना भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवावी, म्हणजे दहा इंचाला एक इंच. जिथे तंतूंची तोंडे उघडी पडतात तिथे वितळलेले मेण लावून तो सावलीत ठेवावा, दर आठवड्याला वजन करून आकडा त्याच्या बुडावर लिहावा. वजन उतरायचे थांबले की तो पुन्हा लेथवर चढवता येतो. खुंटाही तोवर लंबगोल झालेला असतो, म्हणून तो आधी गोल करून घ्यावा लागतो. हे काम पावसाळ्यात सुरू केलेले बरे, मार्च-एप्रिलच्या हवेत ओले लाकूड तडकते.

धुळीबाबत तडजोड नको. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात धरली आहे. सॅंडिंग करताना एन-95 मास्क आणि लेथ चालू असेपर्यंत पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, हे नसेल त्याला उभे राहू देऊ नये. बंगल्याच्या कुंपणातली कण्हेर विषारी आहे. तिची फांदी कितीही सरळ असली तरी तिचे चमचे-वाट्या करू नयेत.

आता महापालिकेला विनंती. वळवाच्या वादळांत पुण्यात रेनट्री, गुलमोहर, सुबाभूळ पडतात. रेनट्रीचे लाकूड वाळताना कमी आकसते, कमी तडकते. हवाई बेटांवर याच झाडाचे वाडगे मंकीपॉड या नावाने विकले जातात. इथे मात्र रस्ता मोकळा करण्याच्या घाईत त्याचे फूट-फूटभर तुकडे होतात आणि तोंडाकडून आलेल्या चिरांत निम्मे वाया जाते. लाकडासाठी झाड तोडा, अशी मागणी नाही; 1975 चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे तो असू द्यावा. आपोआप पडलेल्या झाडाच्या जाड खोडाचे तुकडे किमान दोन फुटांचे ठेवावेत, आणि नोंदणी केलेल्या क्लबांना व शाळांच्या कार्यशाळांना ते दोन-तीन दिवसांत उचलू द्यावेत, एवढेच. उचलणाऱ्यांनी गाभ्यातून उभे दोन भाग करून तोंडांना त्याच दिवशी मेण लावावे. रस्त्याकडेच्या झाडांत फलकांचे खिळे आणि दिव्यांच्या माळांच्या तारा सालीखाली गेलेल्या असतात, म्हणून लाकडात निळा-काळा डाग दिसला की मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय करवत लावू नये. उद्यान विभागाने मे महिन्याच्या आत क्षेत्रीय कार्यालयांना तशी सूचना दिली, तर यंदाच्याच वादळांतले लाकूड हाती लागेल.

आपला,
लेथवर काम करणारा एक वाचक,
कोथरूड, पुणे